पितळी नळीतला सुरमा

अब्बा, काल मी रत्नागिरीहून बहारीनला परत आले. बॅगेत कापडात शिवलेलं एक पार्सल होतं, दुसऱ्याचं. ते बाहेर काढताना तुमची केस आठवली.

तुम्ही मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होतात, आपण गुदैबियात राहायचो. सुट्टीवरून येताना तुमच्या बॅगेत गावातल्या सगळ्यांचं काही ना काही असायचं. सोडे, कोकमं, कुणाचं औषध. सगळं जुन्या कापडात घट्ट शिवलेलं. शिवण उसवून आत बघणं म्हणजे देणाऱ्याला चोर म्हणणं, असं तुम्ही मानायचात. त्या वर्षी कस्टमवाल्याने शिवण कापली आणि सोड्यांतून दोन पितळी काडतुसं निघाली. तोंडं मेणाने बंद, आत काळी पूड. विनापरवाना दारूगोळा बाळगल्याचा गुन्हा लागला. काडतुसं पाहून तुम्हीही चकित झाला होतात, पण पार्सल कुणाचं ते सांगितलं नाहीत.

वकील इथलाच, पण पुण्यात शिकलेला. कोठडीत तुम्हाला भेटायला मी त्याच्याबरोबर आले होते. तो म्हणतो, "चाचा, पार्सल किसका है? नाम बोलो, खलास. तुम घर जाओ."

"पुण्यात जाऊन हेच शिकलास काय रे?" तुम्ही मराठीत म्हणता, आणि मग त्याला कळेल असं, "मेरे हाथ में दिया, तो मेरा."

पार्सल गावातल्या शेजारच्या चाचीचं होतं, हे मला माहीत होतं. तिचा मुलगा इथे आपल्याच वरच्या मजल्यावर राहत होता, नुकताच व्हिसा लागलेला. मी म्हटलं, "अब्बा, सांगा ना नाव."

"गप गो. त्याला धरला तर चाचीला तोंड कोण दाखवणार? तू?"

त्या मुलानेच जिन्यात मला गाठून सांगितलं की काडतुसांत सुरमा आहे. त्याचे वडील परवान्याच्या बंदुकीने रानडुकरांपासून शेत राखायचे. त्यांची रिकामी काडतुसं घरात पडलेली. आई त्यांतच सुरमा भरून ठेवते. मी वकिलाला सुरम्याचं सांगितलं, मुलाचं नाही. पुडीची प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत तुम्ही आत राहिला असतात, म्हणून ती न्यायाधीशांनीच पाहावी अशी विनंती त्याने केली.

न्यायाधीश म्हातारे होते. ते मेण काढायला लावतात. पूड चिमटीत घेतात, अंगठ्यावर चोळतात, हुंगतात. "कुहल," ते म्हणतात. सुरम्याला ते लोक कुहल म्हणतात. तो त्यांच्याही घरात असणारच. मग दुभाष्यामार्फत त्यांनी विचारलं, कुणासाठी आणला? "माझ्यासाठी," तुम्ही म्हणालात. जन्मात कधी सुरमा न घातलेले तुम्ही.

सुटलात. पण कंपनीने व्हिसा वाढवला नाही. तुम्ही गावी गेलात, मी नोकरीसाठी इथेच राहिले. पुढच्या सुट्टीत मी आले तेव्हा चाची कुंपणापाशी उभी होती.

"काय रे, सुरमा पोचला होता ना पोराला?"

"पोचला की."

"घालतो काय तरी डोळ्यात?"

"रोज," तुम्ही म्हणालात आणि विहिरीकडे गेलात.

परवा निघायच्या तयारीत असताना त्याच चाचीच्या सुनेने हे पार्सल हातात दिलं. विमानतळावर विचारलं, बॅग तुम्हीच भरलीत का? मी हो म्हणाले. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते. शिवण मी उसवली नाही, अब्बा. पण निघण्याआधी खोलीचं दार लावून ते पार्सल सगळीकडून चाचपून बघितलं होतं.