धाकटीचं यंत्र

९ मार्च

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. फोनवरच बोलले असते, पण बाबांचा एक हात गेला तरी कान शाबूत आहेत, आणि आपल्या घराच्या भिंती किती जाड आहेत ते तुला ठाऊक आहे.

दुकान चालू आहे. किल्ल्या आता मीच कापते. परवा एका गिऱ्हाइकाची किल्ली दोनदा बिघडवली. पूर्वी बाबांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. आता मागच्या खुर्चीतून नुसते बघत राहिले. ते गप्प बसतात तेच बघवत नाही.

हॉस्पिटलवाले मागच्या महिन्यात तुझं यंत्र परत घेऊन गेले. 'तुझं' म्हणजे बाबांच्या भाषेत. अर्धांगाचा झटका आला त्या दुपारी तूच ओळखी काढून त्यांना हॉस्पिटलच्या त्या नव्या उपचाराच्या प्रयोगात घ्यायला लावलंस. मेंदूतून निघून मानेवाटे पार पोटापर्यंत जाणारी एक नस आहे, व्हेगस, तिची एक फांदी कानात येते. तिथे चिमटा लावून हलका करंट दिला तर मेंदूची सूज उतरते, मरायला टेकलेला भाग वाचू शकतो, असं तू मला समजावलंस. निम्म्यांना खरा करंट, निम्म्यांना नुसता चिमटा, हेही सांगितलंस. बाबांना तेव्हा काही कळत नव्हतं, सही मी केली. त्यांच्या डोक्यात नंतर एवढंच राहिलं, की धाकटीने यंत्र पाठवलं.

घरी रोज चिमटा लावून बसायचे आणि मी त्यांच्याकडून किल्ल्या कडीत ओवून घ्यायचे. बोटं हलायला लागली. येईल त्याला सांगायचे, "धाकटीनं वाचवलं मला. ही थोरली काय, किल्ल्या खेळत बसते." मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या लग्नाला न आलेला माणूस तुझं नाव घेत होता, म्हणून गिळायचे.

यंत्र गेलं आणि हातही थांबला. "त्याच्याशिवाय काय हलणार," म्हणून किल्ल्यांना शिवेनात. कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. मग तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. प्रयोग संपला होता, कुणाला काय दिलं ते उघड झालं होतं. बाबांच्या चिमट्यात करंट नव्हता. अगदी सुरुवातीपासून नव्हता. खरं सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. मग तिथेच रडू आलं. सोनारानेच कान टोचावेत म्हणून म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना. तर म्हणाले, "घरच्यांनी सांगितलेलं बरं."

बरेच दिवस तोंड उघडलं नाही. सांगावं तर त्यांच्या तोंडचं तुझं नाव जाणार, न सांगावं तर हात जाणार. शेवटी काल दुपारी दुकान लवकर बंद केलं. म्हटलं, बाबा, बोटं तुमची तुम्ही हलवलीत, यंत्राने नाही. वाटलं, चिडतील, निदान चिडून तरी किल्ल्या ओढतील.

बराच वेळ कानाची पाळी चोळत बसले. मग म्हणाले, "चिंगीला कळवू नकोस. तिला वाटू दे तिनं वाचवलं म्हणून. आजवर तिच्याकडून एवढंच तर घेतलंय मी."

हात काही हलवला नाही. डॉक्टर म्हणतात, असाच ठेवला तर आखडून जाईल आणि मग कुणाच्या बापाला सुटायचा नाही. माझं सांगून झालं, ओरडून झालं, रडूनही झालं. मी हरले गं.

तू ये. रजा नाही, वेळ नाही, ते मानपानाचं सगळं बाजूला ठेवून ये. त्यांच्यासमोर बस आणि किल्ल्या पुढे कर. ते तुझ्या यंत्राचं कौतुक सुरू करतील, करंट कसा लागायचा, मुंग्या कशा यायच्या. तू हो म्हण. मी तुला काहीही लिहिलेलं नाही.

तुझी,
ताई