पाढे म्हणत होतीस ना?

अण्णा, तुमची नात जग्वार बघायला निघाली आहे. प्राणिसंग्रहालयातला नव्हे, जंगलातला. तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, तरी रानाचं वेड तिच्यात तुमच्याकडूनच उतरलं असणार. मी संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांपलीकडे काही पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी महामारीनं तिचा अभ्यासदौरा रद्द झाला. विद्यापीठ बंद, म्हणून ती इथे परदेशात, बेस्ट नावाच्या आमच्या गावी, माळ्यावरच्या खोलीत बसून जंगलातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले प्राण्यांचे फोटो मोजत राहिली. आता विमानं सुरू झाली आहेत, तीन आठवड्यांनी ती जाईल. जग्वार म्हणजे आपल्या बिबट्याचा थोराड भाऊ, पाण्यातही आरामात पोहणारा. मला तिच्यासाठी भीती वाटते, आणि त्या भीतीचं खरं कारण सांगायला तुम्हीच उरला आहात. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय.

काल दुपारी मी पोळ्या करत होते आणि ती सूचनांचा कागद वाचून दाखवत होती. दिसला तर पळायचं नाही. पाठ फिरवायची नाही. खाली वाकायचं नाही, हात वर करून मोठं दिसायचं, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकायचं. त्याच्या शिकारीजवळ, पिल्लांजवळ रेंगाळायचं नाही. वनखात्याच्या नोकरीत तुम्ही सांगायचात तेच सगळं, फक्त इंग्रजीत. मग "चालताना मोठ्यानं बोलत राहा" असं आलं आणि ती हसली. "हे काही मी करणार नाही. दॅट डिडन्ट वर्क फॉर यू, राइट?" तव्यावरची पोळी करपली तरी मला कळलं नाही.

उसाच्या कडेनं शाळेत जाताना तुम्ही मला पाढे म्हणायला लावायचात. "तो आपल्याला टाळतोच गं, त्याला टाळायला वेळ द्यायचा," म्हणायचात. मला एकोणतिसाचा पाढा येतो तो बिबट्याच्या कृपेनं. पण चौदाव्या वर्षी, वर्गातली मुलं सायकलवर पुढे चाललेली असताना, सत्तावीस एके सत्तावीस ओरडत जायची मला लाज वाटली. मी गप्प होते. चपलेचा अंगठा तुटला, मी वाकले, आणि तो उसातून बाहेर आला. खांद्यावर पंजा मारला आणि माझ्या किंकाळीनं तोच घाबरून पळाला. दवाखान्यात तुम्ही पहिलं विचारलंत, "पाढे म्हणत होतीस ना?" तुमची जरबच अशी, की मी हो म्हणाले. तुम्ही विश्वास ठेवलात. माणसाच्या आवाजाला न बुजणारा बिबट्या, असा अहवाल तुम्हीच वनखात्यात दिलात आणि पिंजराही तुम्हीच लावलात. त्यानंतर गावोगावच्या शाळांत मुलांना समजावताना तुम्ही बोलत चालायचं कधी सांगितलं नाहीत. उभा जन्म रानात हिंडून मिळवलेलं शहाणपण एका पोरीच्या थापेपायी टाकून दिलंत. थाप मात्र घरात टिकली, आणि लेकीला ती मीच रंगवून रंगवून सांगितली.

ती तिथे मुकाट्यानं चालली तर, एवढंच काल डोक्यात होतं. गॅस बंद केला आणि तिला खरं सांगितलं. खूप वेळ लागला, मराठीही अडखळत होती. ती रागावली नाही. कागदावरच्या त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाली, "सो आजोबा वॉज राइट." मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. मग तिनं विचारलं, "आणि तो बिबट्या? त्याचं पुढे काय झालं, आई?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

माहीत आहे, अण्णा. त्या अहवालामुळे तो मरेपर्यंत बिबट्यांच्या निवारा केंद्रातल्या पिंजऱ्यात होता. निवृत्त झाल्यावरही तुम्ही दर महिन्याला एसटीनं त्याला बघायला जायचात, आणि त्या दिवशी घरी येऊन जेवायचा नाहीत. एकदा मलाही सोबत नेलंत. मी फाटकापाशीच थांबले, पाय दुखतोय म्हणाले. पाय दुखत नव्हता.