चुलीपाशी चिमणी कोण धरणार

आसाराम,

मी वायरमनला आणायला शेवगावला चाललो आहे. उद्या त्याला घेऊनच परत येईन. स्वयंपाकघरात दिवा बसवायचा आहे.

"तिथं चुलीचा उजेड पुरतो, उगाच बिल वाढेल," असं तू म्हणतोस. दारापुढच्या ओट्यावरचा शंभर वॅटचा बल्ब मात्र सगळी आळी झोपेपर्यंत जळतो, कारण आपल्या घरात वीज आली हे लोकांना दिसलं पाहिजे. समोर छगनची म्हैस त्या उजेडात रवंथ करते. तुझ्या या काटकसरीची मला किळस आली आहे.

त्याच बल्बखाली मी आळीतल्या पोरांना शिकवतो. तुझी मुक्ता कधीच का येत नाही, म्हणून काल तिला जवळ घेऊन विचारलं. म्हणाली, "आबा, मी रॉकेलची चिमणी धरती. न्हाईतर आईला तव्यावरली भाकर दिसत न्हाई." तिचं नाक पुसलं, तर रुमालावर काजळी आली. सूनबाई तुझ्यापुढे बोलणार नाही, म्हणून मी लिहितो आहे.

आज संध्याकाळी मुक्ता बल्बखाली बसेल. पाटीवर पाढा घालून दिला आहे. चुलीपाशी चिमणी तू धरायचीस, शेवटची भाकरी होईपर्यंत. हात खाली येऊ देऊ नकोस. भाकरी करपेल, आणि करपलेली भाकरी ताटात आली की तू काय बोलतोस, ते तुला ठाऊक आहे.

आबा