अल्बीच्या घड्याळातला निळा

रविवार, २ मार्च
सकाळची विचारपूस झाली. माझी बायको नोलीन, तिचा गुडघा – जिना उतरताना कुरकुरतो, बाकी ठीक. कुत्रीचा कान – आज खाजवला नाही. माझी पाठ – आहे तशी. आणि माझं घड्याळ? चोवीस तासांत फक्त चार सेकंद पुढे! हॉबार्ट शहरातल्या महागड्या दुकानात काचेआड ठेवतात ना, अगदी तसं. जपानी मशीन, पोलादी डबी घासून घासून मीच चकचकीत केलेली, काळी तबकडी, तिच्यावर माझं आडनाव – टंक्स. अकरा महिने लागले. पुस्तकं वाचून शिकलो, कुणी बोट धरलं नाही.
परवा शेडमध्ये नेणार, गावातली पुरुषमंडळी जमून हौसेची कामं करतात तिथे. एप्रिलच्या प्रदर्शनात मधलं कपाट मिळालं तर आणखी काही नको.

मंगळवार, ४ मार्च
नको तेच झालं.
शेडमध्ये चहाच्या वेळी मी खिशात हात घालणार, तेवढ्यात अल्बी ड्रान्सफील्डने मनगट पुढे केलं. त्यानेही घड्याळ बनवलंय! कुणाला पत्ता नाही. निळी तबकडी. निळी म्हणजे – वादळ यायच्या आधी टेबल केपच्या कड्याखालचं समुद्राचं पाणी होतं तशी. कडेला गडद, मध्ये उजळ. कुठेही नाव नाही.
सुतारकाम, वेल्डिंग सोडून सगळे धावले. आमचा मुकादम रेग म्हणाला, "अल्बी, हे घालून खेकडे पकडायला जाऊ नकोस रे, खेकडेच वेळ विचारतील!" मग माझ्याकडे वळून, "केव, तुझंही दाखव की."
दाखवलं. बाराला दोन मिनिटं होती. सगळे वाकून बघतायत आणि – टक्! – तारीख चारची पाच झाली. भर दुपारी!
काटे बसवताना दिवसाचे बारा की रात्रीचे, हे बघायला विसरलो. पहिल्या पानावरची चूक.
"आम्ही अजून मंगळवारातच आहोत बाबा," रेग म्हणाला, "तू पुढे हो, बुधवारी चहा टाकून ठेव!"
हसले सगळे. अल्बी हसला नाही. तेच जास्त लागलं.

बुधवार, ५ मार्च
काटे काढून परत बसवले. मन बसलं नाही.

गुरुवार, ६ मार्च
नोलीन चर्चच्या हॉलमधून बश्या रंगवून आली. दर गुरुवारचं आहे. चहा पिताना तिला अल्बीचं सांगितलं.
"निळा कसा वाटला तुला?" तिने विचारलं.
"भडक," मी म्हटलं.
तिने कप खाली ठेवला. मग बराच वेळ टेबलावरचे चुरे गोळा करत राहिली. टेबलावर चुरे नव्हतेच.

रविवार, ९ मार्च
स्वतःच निळी तबकडी करायला घेतली. पाच बिघडल्या. पहिलीवर ओघळ, दुसरीवर माझा अंगठा, उरलेल्या तिन्हींवर कुत्रीचे केस. धूळ! म्हणून तर टेबलाजवळ कुणाला येऊ देत नाही. गेल्या हिवाळ्यात नोलीन म्हणाली होती, "तबकडी मी रंगवून बघू?" मी म्हटलं, तुझ्या लोकरीच्या स्वेटरची धूळ बसेल गं, आणि बश्या वेगळ्या, घड्याळ वेगळं.
अल्बीच्या घरी धूळ नसते का? एकटा माणूस, केर तरी काढतो की नाही देव जाणे!

गुरुवार, १३ मार्च
नोलीनला न्यायला आज अल्बीची गाडी आली. तिचा गुडघा दुखतो म्हणून म्हणे. हॉलमधली बश्या भाजायची भट्टी तोच तापवतो – हे मला आज कळतंय!
परत आली ती गुणगुणत. नखाला निळा रंग.
"हे काय?"
"बशीवर समुद्र काढतेय."
एकोणचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या बशीत कधी समुद्र आला नाही! हे लिहिताना माझं मलाच हसू आलं. पण जळतोय, हे खरं.

शनिवार, १५ मार्च
आज बोलून गेलो. सगळ्यांदेखत. "ती तबकडी आयती मागवलेली आहे. घरी असा रंग बसतच नाही."
रेग म्हणाला, "आयतं असेल तर प्रदर्शनात नाही, अल्बी. नियम आहे." अल्बीने मान खाली घातली. त्याचे हात थरथरत होते. हल्ली थरथरतातच, पण आज मला ते चोराचे वाटले.
घरी लॅमिंग्टन होते, चॉकलेट-खोबऱ्यातले माझे आवडते केक. डबा उघडलाच नाही.

मंगळवार, १८ मार्च
अल्बी दारात आला. घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं.
"उघड. तुझे हात अजून स्थिर आहेत. तबकडीच्या मागे बघ."
"मागे काय?"
"मी शब्द दिलाय, सांगणार नाही. मशीन मी जोडलं, केव. त्यापलीकडे मी काही केलं असं कधी म्हणालो का? तुमच्यापैकी कुणी विचारलंच नाही."
तबकडी करणारा आपलं नाव मागच्या बाजूला लिहितो, ही जुनी रीत. यंत्र उघडल्याशिवाय ते कुणाला दिसत नाही. म्हणजे तिथे कुठल्यातरी कारखान्याचा छाप असणार. सापडलास, अल्बी!

गुरुवार, २० मार्च
नोलीन बश्यांना गेली. भिंग लावलं, काटे उचलले, तबकडी उलटी केली. सुईने कोरलेली बारीक अक्षरं –
"नोलीन टंक्स. नऊ थर. एकही धूळकण नाही."
आधी रेगला फोन करून सांगितलं – अल्बीची तबकडी आयती नाही, मी चुकलो. मग माझ्या तबकडीवरचं नाव खरवडलं, पार पत्र्यापर्यंत. आता ती तिच्या कपाशेजारी ठेवली आहे, चिठ्ठीसकट: "भडक नव्हता. मी खोटं बोललो. ही कोरी आहे, रंग तुझा. नाव या वेळी पुढच्या बाजूला घाल. समोर बोलायचं धाडस नाही, तेव्हा याच कागदामागे दोन ओळी लिही – लवकर लिही गं. – केव."