बिघडलेल्यांची यादी

४ मार्च
आज संस्थेच्या ऑफिसच्या मॅडम मैदानावर आल्या. मैदान म्हणजे गोदामामागची मोकळी जागा — अर्धी खडी, अर्ध्या काचा. मॅडमचे बूट मात्र पांढरेशुभ्र! म्हणाल्या, "कोच, आपला फुटबॉल बिघडलेल्या मुलांसाठी आहे. सहा महिने तक्रार नसली, की नाव कमी करा."

म्हणजे पोर सुधारलं की चेंडू काढून घ्यायचा. धन्य!

५ मार्च
यादी केली. सोळापैकी अकरा सुधारलेत. माझंच चुकलं.

९ मार्च
यादीत पहिलं नाव भिंतीचं. आमची गोलकीपर, वय सोळा; चेंडू हिला ओलांडून जात नाही म्हणून भिंत. आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोघांची डोकी फोडली होती. आता शाळासुद्धा बुडवत नाही, काय करावं!

"सर, मला काढणार? मग घरचे पॅकिंगच्या कामाला लावतील."

"मी असेपर्यंत नाही," म्हटलं. बोलून तर बसलो.

१२ मार्च
अहवाल लिहिला. भिंत : मारामारी — वारंवार. चोरी — दोनदा. उलट उत्तरं — रोज. बाकी दहा जणांनाही यथाशक्ती बिघडवलं.

बायकोने मागून वाचलं. "अहो, मी तापाने पडले होते तेव्हा या पोरीने आपली भांडी घासली. आणि ही चोर?"

"अगं, फक्त कागदावर!"

"लोक कागदच वाचतात."

हिला ऑफिसची कामं कळत नाहीत.

२० मार्च
मॅडम खूश! सगळ्या वस्त्यांत आमची टीम सर्वात बिघडलेली. बक्षीस म्हणून नवे चेंडू, गोलला जाळी, मला टोपी. पोरंही तयार झालीत — "सर, माझ्या नावावर एक चाकू टाका ना!"

२ एप्रिल
क्रीडाशाळेचे लोक निवडीला आले होते. भिंतीने सातच्या सात पेनल्टी अडवल्या! त्यांचा साहेब आ वासून बघतच राहिला. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं फुकट. निवड झाल्यातच जमा. तिची आई माझ्यापुढे हात जोडून रडली. "ताई, पोरीचंच कर्तृत्व," म्हटलं, पण आतून चांगलाच फुगलो होतो.

११ एप्रिल
नकार आला. क्रीडाशाळेने भिंतीची माहिती मागवली, मॅडमनी तत्परतेने माझा अहवाल धाडला. पत्राला त्याची प्रत जोडलीय, 'चोरी'खाली लाल रेघ.

मॅडमना फोन केला. "सही तुमचीच ना, कोच? खोटं असेल तर तसं लिहून द्या. सगळी टीम बंद करू."

चार वेळा कागद घेतला, चार वेळा फाडला. भित्रा मेला मी!

१२ एप्रिल
पत्राची एक प्रत भिंतीच्या घरीही गेली. आईने ते शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. पोरीने गळ्याची शपथ घेतली, पाया पडली. आई एवढंच म्हणाली, "सर कशाला खोटं लिहितील?"