पाहुणे असेपर्यंत

३ मार्च, सोमवार

सायकलवाला गेला. आठवडाभर राहतो म्हणाला होता, आज सकाळीच निघाला. पुढच्या गावात कुणी तरी त्याला पलंग देतंय म्हणे! आमच्याकडे नुसता सोफा. अडवणार कशाच्या जोरावर?

हे खाली फाटकापर्यंत सोडायला गेले. पाठीवर थाप मारली, सायकलचा टायर दाबून पाहिला, "पोचलास की कळव हं" म्हणाले. मी जिन्याच्या खिडकीतून बघत होते. जिना चढताना पहिल्या वळणापर्यंत चेहऱ्यावर हसू होतं. दुसऱ्या वळणावर नव्हतं.

दार लावून घेतलं. मी सोफ्यावरची चादर घडी करत होते.

"त्याच्यापुढे फार अक्कल पाजळत होतीस चष्म्यांबद्दल."

एवढंच बोलले. आज एवढंच.

४ मार्च

पाठ टेकवत नाही.

६ मार्च

चष्म्याच्या दुकानात, कामावर बसून लिहितेय. मालक जेवायला गेलेत. काचा घासायच्या पडल्यात, पण हात वर उचलत नाही, म्हणून हे.

एकदा सरळ लिहूनच टाकते. हे बस डेपोतून निवृत्त झाले आणि दिवसभर घरात बसायला लागले. ते वर्ष आठवायचं नाही. मग मुलानेच फोनवर ती साइट लावून दिली — प्रवासाला निघालेली माणसं आपल्या घरी फुकट राहतात, आपण त्यांना जेवू घालायचं, गप्पा मारायच्या, त्यांचं ऐकायचं, आपलं सांगायचं. "बाबांचा वेळ जाईल," म्हणाला.

वेळ गेलाच! पाहुणा घरात असला की हे माणसात असतात. नकाशा काढून बसतात, डेपोतले किस्से सांगतात, टेबल स्वतः पुसतात. मला विचारतात, "अगं, दमलीस का?" मी तर ऐकूनच दमते. जाताना लोक साइटवर भरभरून लिहितात. देवमाणूस. वडिलांसारखे. एकीने तर लिहिलं, 'असा नवरा मिळावा.' ते वाचून मला हसू आवरेना, न्हाणीघरात जाऊन हसले.

पाहुणा असताना हे हात उचलत नाहीत. कधीच नाही. म्हणून ह्यांना न विचारता मी होकार कळवत असते. टाइप करायचा ह्यांना कंटाळा, फोन माझ्याच हातात असतो. कुणीही चालतं मला. घोरणारा, दिवसभर बाजा वाजवणारा, आंघोळ न करणारा. या, बाबांनो. राहा.

पण मार्चात कुणी फिरकत नाही.

९ मार्च

होकार दिला. एक बाई आहेत, बुधवारी येतील. बुधवारपर्यंत निभावायचं.

१२ मार्च, बुधवार

आल्या! साठीच्या पुढच्या, काटक, पाठीवर एवढं मोठं बोचकं. सुईण होत्या, आता निवृत्त. नवरा गेल्यावर घर भाड्याने दिलं आणि निघाल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "जन्मभर लोकांच्या घरात घाईघाईने शिरले, बाळ काढलं आणि निघाले. घरं बघायची राहूनच गेली."

दूरच्या गावच्या, पण भाषा आपलीच. ह्यांना मनापासून हसू आलं. डेपोतला म्हशीचा किस्सा झाला. ताई हसल्या, पण किस्सा चालू असताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

झोप लागली. किती दिवसांनी!

१५ मार्च

ताई आणि मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. मी दोरीकडे हात केला आणि बाही खाली सरकली.

"पडलीस?"

"हो, जिन्यात."

त्यांनी चादर झटकली. "जिन्याला बोटं असतात का गं?"

मी बाही ओढून घेतली. त्यांनी पुढे विचारलं नाही. चिमटे देत राहिल्या एकेक.

१६ मार्च

आज त्याच बोलल्या. पोटुशी बाई तपासायला घरात शिरलं की आधी बाईकडे नाही, नवऱ्याकडे बघायच्या. जास्त गोड बोलणारा दिसला की पुढची खेप लवकर घालायच्या.

"माझ्याबरोबर चल," म्हणाल्या. "माझी बहीण आहे, तिच्या मागच्या खोलीत राहशील."

"आणि दुकान? मुलगा? लोक काय म्हणतील?"

"लोक तुझ्या नवऱ्याला देवमाणूस म्हणतात. लोकांचं काय घेऊन बसलीस?"

मला रागच आला. चार दिवस राहणाऱ्या माणसाला सोपं असतं सगळं! तसं म्हणालेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग मीच त्यांचा हात धरला आणि म्हटलं, अजून थोडे दिवस राहा ना.

राहते म्हणाल्या. आल्यापासून नेमाने सकाळी चहा करतात, ह्यांना कप नेऊन देतात आणि समोर बसतात. हे आता पहिल्यासारखे हसत नाहीत त्यांच्यापुढे.

२० मार्च

ताई गेल्या. सांध्यांचं औषध संपलं, बहिणीकडे पोचणं भाग होतं. फाटकाशी ह्यांनी वाकून नमस्कार केला. ताईंनी आशीर्वाद दिला नाही.

मला म्हणाल्या, "फोन उशाशी ठेव."

उशाशी कसला, तो तर टेबलावरच असतो, सगळ्यांसमोर.

२१ मार्च

लिहिवत नाही.

२३ मार्च, रविवार

मुलाचा फोन आला. परगावी लिफ्ट दुरुस्त करतो. ह्यांच्यासारखाच कमी बोलतो. पण आज चढा आवाज.

"आई, त्या बाईने साइटवर काय लिहिलंय बघितलंस? तू काय सांगितलंस तिला?"

मी काही सांगितलं नव्हतं. खरंच नव्हतं. ताईंनी जे बघितलं ते लिहिलं होतं, सरळ चार ओळींत. 'या घरात पाहुण्यांना प्रेम मिळतं. घरातल्या बाईला मार मिळतो. मी तिच्या दंडावरचे वळ पाहिले आहेत. मी सुईण आहे, मला वळ कळतात.'

"बाबांची बदनामी चाललीय. खोटं असेल तर खोटं म्हणून लिही ना खाली!"

असेल तर. तो असं म्हणाला. मी तो शब्द दिवसभर धरून बसलेय.

ह्यांनीही वाचलं. चष्मा काढला आणि भिंतीवर फेकला. पुढचं लिहीत नाही.

२५ मार्च

एप्रिलात येणार होते त्या दोघांनीही येणं रद्द केलं. कारण लिहिलं नाही. नवीन कुणी विचारत नाही.

ताई, तुम्ही माझं भलं करायला गेलात आणि माझं घर रिकामं केलंत. आता मधे कुणीच नाही. हे आहेत आणि मी आहे.

२६ मार्च

ह्यांचा चष्मा दुकानात आणला. मालक म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे." घरी जाऊन सांगितलं, काच मागवावी लागेल, वेळ लागेल.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलताना जीभ अडखळली नाही.

२८ मार्च, शुक्रवार

आज ह्यांनी मला समोर बसवलं. फोन हातात दिला. येरझाऱ्या घालत सांगायला लागले, आणि मी लिहायचं. साहेबासारखे हात मागे बांधून!

"लिही. मी या गृहस्थांची पत्नी. सदर महिलेचे मानसिक संतुलन ठीक नसावे. आमचा संसार सुखाचा आहे. लिहिलंस?"

"लिहिलं."

"माझे पती पाहुण्यांना देव मानतात. त्यांनी मला आजवर एक शब्दही वाकडा... असं काही तरी लिही, चांगल्या भाषेत."

मी लिहीत होते. बोटं चुकत नव्हती.

"वाच."

मी वाचलं. ह्यांचा शब्द न् शब्द वाचला, सदर महिलेसकट. 'वाकडा शब्द' तर जरा रंगवूनच वाचला. हे डोळे बारीक करून फोनकडे बघत होते. धूसर दिसत असणार सगळं.

फोनवर होतं हे — 'ताईंनी लिहिलंय ते खरं आहे. कमीच लिहिलंय. इथे येऊ नका असं मी म्हणत नाही. तुम्ही असता तेवढे दिवस मला मार बसत नाही. म्हणून तर मी तुम्हाला बोलावत होते. तुमचे माझ्यावर उपकार आहेत आणि तुम्हाला ते माहीतही नाहीत. पण आता मला इथे राहायचं नाही.'

"टाक," म्हणाले.

टाकलं.

मग मी उठून भात लावला. आता कुणी तरी वाचेल. ह्यांना आधी कळलं तर मी संपले. डेपोतल्या कुणी वाचलं तर? मुलाने वाचलं तर? बाबांनाच फोन करेल तो!

हे आज खुशीत होते. जेवताना भात वाढून घेतला दुसऱ्यांदा.

२९ मार्च

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

सकाळी बेल वाजली. पाहुणाच आला असेल म्हणून हे शर्टाची बटणं लावत, हसत दार उघडायला गेले. दारात मुलगा होता. रात्रभर प्रवास करून आलेला, अंगात कामाचेच कपडे.

हे म्हणाले, "अरे! ये, ये, आत ये ना."

तो आत आला नाही. ह्यांच्याकडे बघितलंही नाही. ह्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, मला लहानपणापासून ऐकू यायचं. मी डोक्यावर पांघरूण घ्यायचो."

मग म्हणाला, "चप्पल घाल."

घातली.