बाण थबकतो तेव्हा

चिरंजीव धाकट्या,

माझ्याशी भांडून गेलास, त्याला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात तुझ्या पुतणीनं मोबाइलवर लिंक दाबली आणि घरात तुझा आवाज! कॉम्प्युटरचा पडदा, त्यावर फिरणारा बाण, आणि तू जगाला कागदपत्रं टाइप करायला शिकवतोयस. मला अक्षराचा गंध नाही. पण बाण थबकला, की तू जीभ चावलीस हे मला कळतं. काय नवल बाई! तोंड दिसत नाही, पण तू अख्खा दिसतोस.

शेवटी म्हणतोस, “काही अडलं तर खाली लिहा.”

“आजी, लिहू?”

“नको गं. आई बघतेय कळलं, तर गप्प बसेल मेला.”

म्हणून इथंच, या मनातल्या पत्रात विचारते. घरी कधी येतोस?

तुझी रोजची विद्यार्थिनी,
आई